पाणी कधी सुटणार, हे सांगणारा रेडिओ

गेल्या अंकात सहज लिहून गेलो, की सोलापुरात रेडिओ दुरुस्त करणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि त्यातलं एक बोट माझं. वाटलं, लोक माळ्यावरचे सेट घेऊन येतील. आली ती पत्रं, आणि निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची : आपल्या भागातला, आपल्याच माणसांनी चालवलेला रेडिओ. कम्युनिटी रेडिओ म्हणतात तो. पाच पत्रं निवडली आहेत. तिसऱ्याचं उत्तर लांबलंय. कंटाळा आला तर शेवटचं आधी वाचा.

प्रश्न : आमची महिलांची संस्था विडी घरकुलात आठ वर्षं काम करते. बचत गट आहेत, शिलाईचा वर्ग आहे. बायका म्हणतात, आपला स्वतःचा रेडिओ काढू. परवाना कसा मिळतो? ओळखीचे एक गृहस्थ सांगतात, जाहिरातींतून चांगला पैसा सुटतो. खरं का?
— एक कार्यकर्ती, विडी घरकुल

उत्तर : ताई, त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा, पण हिशेबाची वही त्यांच्या हातात देऊ नका.

आधी परवान्याचं. हा परवाना एकट्या माणसाला मिळत नाही, राजकीय पक्षाला नाही, नफ्यासाठी काढलेल्या कंपनीलाही नाही. शिक्षणसंस्था, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं आणि तुमच्यासारख्या नोंदणीकृत संस्था यांनाच तो मिळतो. अर्ज करताना नोंदणी किमान ३ वर्षं जुनी लागते. तुमची ८ झाली, म्हणजे तो प्रश्न मिटला. अर्ज दिल्लीला, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे, ऑनलाइन. मग एकेका खात्याची मंजुरी, मग फ्रिक्वेन्सी. तोवर भिंतीवरचं कॅलेंडर बदललेलं असतं, याची तयारी ठेवा. परवाना पूर्वी ५ वर्षांचा असे. २०२४च्या नव्या नियमांनी तो १० वर्षांचा झाला. आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत निम्म्या तरी बायका हव्यात, असंही त्यात आहे. तुमच्याकडे उलट पुरुष शोधावे लागतील.

प्रसारणाची ताकद १०० वॅट. आकडा जुन्या पिवळ्या बल्बचा, पण ३० मीटरपर्यंतच्या मनोऱ्यावर एरियल चढवलं की आवाज पाच ते दहा किलोमीटर जातो. घरकुलातून निघालेला कार्यक्रम अशोक चौकात स्वच्छ यावा, विजापूर रोडला पोहोचता पोहोचता खरखरावा, असा माझा अंदाज. तेवढा पुरे. ज्यांच्यासाठी काढायचा ते सगळे विजापूर रोडच्या अलीकडेच राहतात.

आता पैसा. तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये. १२ मिनिटं म्हणजे १० सेकंदांचे ७२ तुकडे. तासाला ५,३२८ रुपये. दिवसाला आठ तास धरले तर महिन्याला पावणेतेरा लाख! तुमचे ओळखीचे या गुणाकारावरच भाळले असणार. प्रत्यक्षात तासाला दोन तुकडे भरले तरी नशीब, आणि बिल पास होईपर्यंत लाइट बिलाच्या तीन तारखा उलटून जातात. गल्लीतला शेंगाचटणीवाला तुम्हाला १० सेकंदांचे ७४ रुपये देणार नाही. तो महिन्याला पाचशे देईल आणि दिवाळीला किलोभर चटणी. माझ्या अनुभवात पहिल्या तारखेला हातात पडतात ते हेच पाचशे. असे चाळीस चटणीवाले गोळा करता येतील का, ते आधी बघा. आणि सरकारी फीच्या भरवशावरही राहू नका. २०१२ साली फ्रिक्वेन्सीची वर्षाची फी १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० केली होती. ओरड झाली, वाढ मागे घेतली गेली. पण त्या मधल्या दिवसांत कितीतरी छोट्या केंद्रांच्या पोटात गोळा आला होता.

माझं ऐकाल तर परवान्यापासून सुरुवातच करू नका. तुमच्या दारावरून जाणारा हैदराबाद रोड धरून सरळ गेलं की तेलंगणातलं जहीराबाद लागतं. तिथल्या माचनूर गावात संगम रेडिओ आहे. दलित शेतकरी बायकांनी चालवलेला, संस्थेच्या मालकीचा देशातला पहिला कम्युनिटी रेडिओ. तो हवेत गेला १५ ऑक्टोबर २००८ला. पण त्या बायका त्याच्या आधी जवळजवळ दहा वर्षं कॅसेटवर आवाज भरत होत्या : बियाण्यांविषयी, बाळंतपणाविषयी, सणांची गाणी. परवानाच मिळत नव्हता, म्हणून गावोगावच्या बैठकांत टेप लावून ऐकवायच्या. परवाना आला तेव्हा त्यांच्याकडे सांगायला भरपूर होतं, आणि ऐकणारेही तयार होते. त्यांची तेलुगू तुमच्या घरकुलातल्या निम्म्या घरांना कळेल. एक दिवस भाकरी बांधून घ्या आणि जाऊन या.

तोवर मोबाइलवर रेकॉर्ड करा. शिलाईच्या वर्गात स्पीकर लावा. सहा महिन्यांनी बायका स्वतःहून 'आज नवीन काय आहे' विचारू लागल्या, तर अर्ज भरा. विचारलं नाही, तर मनोऱ्याचे पैसे वाचले.

प्रश्न : सर, राग मानू नका, पण मोबाइलवर सगळं असताना रेडिओ कशाला? आम्ही मित्र आमच्या पेठेचं यूट्यूब चॅनेल काढतोय. परवाना नको, मनोरा नको. आम्हाला काय सल्ला द्याल?
— एक विद्यार्थी, साखर पेठ

उत्तर : नातवाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतो. चॅनेल जरूर काढ. पण आधी माझी अम्मा ऐक.

आमच्या घरात तेलुगू, ओट्यावर कन्नड, शाळेत मराठी. अप्पा मागावर, अम्मा विड्यांवर. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पानं-तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कातरीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. दिवसाला हजार विड्या. सूप मांडीवर, हात त्यात, डोळे हातावर. रिकामे ते फक्त कान. तिला घड्याळ येत नव्हतं. ती सांगायची, 'सकाळची गाणी संपेपर्यंत दीडशे होतात.' रात्री मीडियम वेव्हवर हैदराबाद लागायचं. दिवसा न पकडता येणारी केंद्रं रात्री लांबून येतात, कारण वातावरणाचा वरचा थर त्या लहरी परत खाली पाठवतो. हे मला खूप पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, अम्मासाठीच कुणीतरी रात्री दार उघडतंय.

आता तूच सांग, जिचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे अडकलेत, ती तुझ्या चॅनेलवर बोट कुठून फिरवणार? एक व्हिडिओ संपला की पुढचा लावायला हात पुसावा लागतो. दर वेळी हात पुसला तर हजाराच्या आठशे होतात, आणि मजुरी विड्यांवर आहे, तासांवर नाही.

मागाच्या शेडचं मात्र खरं सांगतो. तिथे लोक रेडिओ ऐकतात असं लिहिणारा माणूस शेडमध्ये कधी गेलेला नसतो. खटखटीत फार तर ओळखीचं गाणं कळतं, बोलणं नाही. अप्पांनी जन्मात एक बातमी शेडमध्ये ऐकली नाही.

तुझ्या बाजूचा एक मुद्दा मीच सांगतो, कारण तो आम्हाला खरोखर नडतोय. मोबाइलमध्ये रेडिओ लागायला इयरफोनची वायर लागते, तीच एरियलचं काम करते. नव्या कितीतरी फोनांना ते भोकच नाही, आणि काहींत रेडिओची सोयच बंद करून टाकलेली असते. २०२३मध्ये केंद्र सरकारनं फोन बनवणाऱ्यांना ही सोय चालू ठेवायला सांगितलं, पण ती सूचना, सक्ती नव्हे. म्हणून फोनवर भिस्त ठेवणाऱ्या केंद्राला मी सांगतो, साधे सेट गोळा करा, दुरुस्त करा, घरोघरी द्या. मी फुकट दुरुस्त करीन. सेल ज्याचे त्यानं आणायचे.

प्रश्न : मी एका छोट्या केंद्रावर चार वर्षं निवेदिका होते. गेल्या वर्षी ते बंद पडलं. तीन महिन्यांचा पगार अजून मिळालेला नाही. सगळे म्हणतात, रेडिओचा जमाना गेला म्हणून बंद पडलं. मला रात्री झोप येत नाही. वाटतं, आपलंच बोलणं कमी पडलं असेल. काय चुकलं आमचं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पगाराचं आधी. लेखी मागणी करा, पोहोच घ्या. आधीचे पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी आणि ड्यूटीचे तक्ते जोडून कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. दुसरं, त्याहून घाईचं : तुम्ही घेतलेल्या मुलाखतींच्या प्रती आजच मागून घ्या. केंद्र बंद पडलं की कॉम्प्युटर विकला जातो, आणि हार्ड डिस्कमध्ये काय होतं हे भंगारवाला विचारत नाही.

जमाना गेला, हे तर मी ऐकूनच घेत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारनं आकडा दिला होता : देशात ४८१ कम्युनिटी रेडिओ चालू, आणि त्यांतले १३३ त्याआधीच्या दोन वर्षांत सुरू झालेले. जमाना गेलेल्या गोष्टीसाठी लोक मनोरे उभारत नाहीत. पण सुरू होणं निराळं आणि टिकणं निराळं. त्याबद्दल मी पाहिलेलं सांगतो.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मी सात वर्षं दर शुक्रवारी एसटीनं जायचो. मिक्सर, माइक, वायरी, ट्रान्समीटर, सगळं माझ्याकडे. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच आहेत. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि ट्रान्समीटर गेला. अकरा दिवस केंद्र मुकं. पहिल्या दोन दिवसांत २८ फोन आले. मीच वहीत लिहीत होतो, म्हणून आकडा पक्का आहे. 'काय वो, तुमचा रेडू का बोलंना?' एकीला शेळ्यांच्या लसीची तारीख हवी होती, ती रेडिओवर सांगू म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी एक आजी चार किलोमीटर चालत आल्या, पिशवीत शेवग्याच्या शेंगा. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही भरून घेतल्या होत्या. त्यांना वाटलं, वीज पडली म्हणजे ओव्या जळाल्या. मी त्यांना हेडफोन लावून ऐकवलं. ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, 'तिसरी वळ चुकलीया, परत म्हनते.' आणि बंद केंद्रात बसून त्यांनी ती पुन्हा म्हटली.

मग एक प्रकल्प आला. मोठा पैसा. दीड वर्ष आरोग्याचे संदेश वाजवायचे, शहरातल्या नटांच्या आवाजात तयार होऊन आलेले. वाईट नव्हते. पण ते बसवायला जागा हवी, म्हणून संध्याकाळचा गप्पांचा तास काढला. बायका ज्यात भांडायच्या, रेसिप्या सांगायच्या, कुणाची म्हैस हरवली ते कळवायच्या, तो तास. पगार प्रकल्पाच्या मापाचे झाले. आधी केंद्रावर बोलणाऱ्या बायकांना कागदोपत्री नवा शब्द मिळाला : लाभार्थी. आणि मी? मला त्या संदेशांचा आवाज फार आवडला होता. कोंबडं नाही, ट्रॅक्टर नाही, मागे पोराचं रडणं नाही. मी मीटर बघून खूश व्हायचो. म्हणजे चुकलेल्यांत माझंही नाव लिहा.

प्रकल्प संपला. वाढलेले पगार खाली कसे आणायचे, कुणालाच कळेना. पुढच्या पावसाळ्यात ट्रान्समीटर पुन्हा गेला. मी वही उघडून बसलो. आठवड्यात फोन आले दोन. त्यातला एक थकलेल्या वीजबिलाचा होता.

यंत्र मी चार दिवसांत दुरुस्त केलं असतं, पण कुणी दुरुस्त करा म्हणालं नाही. संस्थेचे विश्वस्त बदलले होते. नव्यांना रेडिओ म्हणजे आधीच्यांची हौस वाटत होती. म्हणून मला म्हसवड आठवतं. माणदेशातलं, आपल्यापासून फार लांब नाही. तिथलं माणदेशी तरंग वाहिनी २००८पासून आहे. त्याच्या पाठीशी बायकांची स्वतःची बँक आहे, १९९७पासूनची. रेडिओ बंद पडला तर बँकेत आलेली बाई काउंटरवर विचारणार, हे तिथे बसलेल्यांना माहीत असतं. तुमच्या केंद्राला असं विचारणारं घर होतं का? नसेल, तर ताई, तुमचं बोलणं कितीही गोड असतं तरी ते किती दिवस पुरलं असतं, सांगणं कठीण आहे.

झोप येत नाही म्हणता. तुमच्या केंद्राची फोनची वही कुठे आहे, शोधा. शेवटच्या सहा महिन्यांत कोण कोण फोन करत होतं ते बघा आणि त्यातल्या दहा जणांकडे जाऊन चहा प्या. पुढे काही करायचं असेल तर सुरुवात तिथूनच होईल. नसेल करायचं, तरी जा.

प्रश्न : कम्युनिटी रेडिओवर बातम्या देता येतात का? आमच्या भागातल्या रस्त्याबद्दल, नगरसेवकाबद्दल बोललं तर चालेल?
— एक ज्येष्ठ नागरिक, जोडभावी पेठ

उत्तर : स्वतः तयार केलेल्या बातम्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण पाणी, वीज, हवामान, निकाल, शाळा-कॉलेजचे प्रवेश, नोकऱ्या, रहदारी, साथीचे रोग, सण-उत्सव या गोष्टी नियमांत बातम्या धरल्या जात नाहीत. आणि आपल्या सोलापुरात याहून मोठी बातमी कोणती? उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला काही दिवसांआड पाणी येतं. रात्री दीडला सुटणार की पहाटे चारला, हे फक्त चावीवाल्याला माहीत. त्या चावीवाल्याला रोज संध्याकाळी दोन मिनिटं माइकवर आणा. शहरातला सर्वात जास्त ऐकला जाणारा निवेदक तोच ठरेल, मी पैज लावतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला कोणते रस्ते बंद, तेही असंच सांगता येईल. तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत. आणि पुस्तकी नको, आपल्या पेठांतली.

नगरसेवकाचं जपून. जे प्रसारित कराल त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं, तेव्हा 'मी तसं म्हणालोच नव्हतो' हे चालत नाही, तुमचंही आणि त्यांचंही. मला विचाराल तर बातम्यांची ही बंदी अनाकलनीय आहे. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता जनतेची, पण गल्लीतल्या खड्ड्याची बातमी द्यायला जनतेला मनाई. रस्त्यावर खड्डा आहे हे 'रहदारीची सूचना' म्हणून सांगा. मीही तेच करायचो.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचा जुना ट्रान्झिस्टर नुसता खरखरतो. नवा घेऊन दिला तर हात लावत नाहीत. काही होईल का?
— एक गृहिणी, नीलम नगर

उत्तर : बहुतेक होईल. सेलच्या खणातल्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरं साचलंय का बघा. जुने सेल आत विसरले की होतं तसं. बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा, ओल्या फडक्यानं नको. आवाजाचं बटण पुढे-मागे वीस-पंचवीस वेळा फिरवा, आतली धूळ सुटते. फ्रिजपासून आणि एलईडी बल्बपासून सेट लांब ठेवा, खिडकीत उत्तम. तरीही खरखरला तर रविवारी दहानंतर घेऊन या. आणि येताना सासूबाईंनाही आणा. त्या कोणतं केंद्र लावतात ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.